वाढत्या अंगाचे पॅड

ग्रिसेल्डा आर्रियागा आठ वर्षांची होती तेव्हा आमच्या गल्लीतला एकही कुत्रा तिला गाठू शकत नव्हता, आणि प्रयत्न सगळ्यांनी करून पाहिला होता. फोंटाना गावच्या रविवारच्या जुन्या बाजारातून तिच्या आईनं, इमेल्डानं, तिला स्केट्स आणून दिले. एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे मोजे कोंबलेले. त्या दिवसापासून पोर चालायचीच बंद झाली. मक्याच्या टॉर्टिया आणायला स्केट्सवर, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला स्केट्सवर. गल्लीचं वरचं टोक चढावर आहे आणि खालचं महामार्गाच्या भिंतीला लागून. ती वर जायची, गुडघे वाकवायची आणि सुटायची. डोंगराकडचा कोरडा वारा पाठीशी असला तर बघायलाच नको. म्हाताऱ्या बायका दारात उभ्या राहून छातीवर क्रूस काढायच्या आणि इमेल्डाला नावं ठेवायच्या.

शनिवारी रिंकवर मुलांची स्केट्सवरच्या इनलाइन हॉकीची लीग चालायची. चारी बाजूंनी कठडे, त्यांवर जाळी, वर पत्र्याचं छप्पर, खाली गुळगुळीत फरशी. प्रत्येक संघाचे चार जण पळणारे आणि एक गोलात. ग्रिसेल्डा जाळीला नाक लावून तासन् तास उभी राहायची. तिला त्या खेळातलं एकच दिसायचं, चकतीसारखा पक घेऊन सुसाट सुटलेलं एखादं पोर आणि त्याच्यासमोरची मोकळी फरशी. नववं लागल्यावर तिनं बापाला सांगून टाकलं की तिला लीगमध्ये जायचंय आणि पुढे खेळायचंय. सगळ्यात पुढे.

बाप, आन्सेल्मो, मोटारींच्या सीटा शिवायचा. घरामागच्या पडवीत त्याचं शिलाई मशीन होतं आणि दिवसभरात ते मशीन त्याच्यापेक्षा जास्त बोलायचं. इंग्रजी त्याला गाडीच्या भागांपुरतं येई. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद ग्रिसेल्डाच्या पुढ्यात जायचा. गॅसचं बिल, शाळेची पत्रं, डॉक्टरांचे फॉर्म, सगळं ती वाचून सांगायची आणि तिनंच भरायचं. नऊ वर्षांची पोर म्हणजे त्या घराची वकील होती.

नावनोंदणीच्या सकाळी बापलेक रांगेत उभे राहिले. टेबलामागे ट्रूडी नावाची बाई होती, लीगचं सगळं लिहिणं-पुसणं तिच्याकडे. तिनं फॉर्म दिला. ग्रिसेल्डानं तो नेहमीसारखा एकेक ओळ मोठ्यानं वाचायला घेतला आणि वाचता वाचता खालची बारीक ओळही वाचून गेली, की गोलकीपरला फी नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं गिळून टाकली असती ती ओळ तर तिच्या बापाला सात जन्मांत कळली नसती. पण वकिलाची सवय, अक्षर सुटता कामा नये.

आन्सेल्मोनं विचारलं, अजिबात नाही? ट्रूडीला विचार. ग्रिसेल्डानं विचारलं. ट्रूडी म्हणाली, अजिबात नाही, आणि पॅड, मास्क, छातीचं कवच हे सगळंसुद्धा लीगचंच. ग्रिसेल्डानं तेही इमानानं बापाला सांगितलं. त्या उन्हाळ्यात शाळेच्या स्वयंपाकघरातले इमेल्डाचे तास कमी झाले होते. आन्सेल्मोनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"लिही, पोरी," तो म्हणाला. "या खेपेला गोलात. पुढच्या वेळी बघू."

आणि तिनं लिहिलं. स्वतःच्या हातानं, शाळेत शिकवलं होतं तसल्या गोल गोल अक्षरांत.

बाकीच्या मुलांची निवड व्हायची. छातीवर नंबर चिकटवून ती कोचांसमोर पळून दाखवायची. गोलकीपरना त्यातलं काही नाही. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या आणि काढायच्या, बस्स. तिची चिठ्ठी कोच वेंडेलच्या हाती लागली. वेंडेल पोस्टमन होता, भला माणूस, उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला. त्यानं गुडघ्यावर बसून तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि गोलकीपर मिळाला, आता मला रात्री झोप येईल असं सांगितलं. 

लीगच्या पॅडना आधीच्या दहा-बारा पोरांच्या घामाचा वास होता. पत्र्याखाली भट्टी पेटलेली असायची. मास्कच्या गजांतून समोरचं सगळं रिंक दिसायचं, लांबरुंद, चकचकीत, आणि पळणारी पोरं. तिच्या वाट्याला मात्र मागे जाळी, बाजूंना दोन लोखंडी खांब आणि मध्ये आमच्याकडे खाट मावेल एवढी जागा. पक समोरच्या टोकाला गेला की ती नकळत दोन पावलं पुढे सरकायची, आणि वेंडेल कठड्यावरून ओरडायचा, घरी जा, ग्रिस, घरी जा. गोलाला तो घर म्हणायचा.

वाईट याचं की ती उत्तम खेळली. कुत्र्यांना न गवसणारे पाय आता या खांबाकडून त्या खांबाकडे पकच्या आधी पोचायचे. पहिल्याच वर्षी लोक तिचं नाव घ्यायला लागले. दुसऱ्या वर्षी तिनं वेंडेलला विचारलं की मी पुढे खेळू का. तो म्हणाला, नक्की, पण मला दुसरा गोलकीपर मिळू दे. मिळणार कुठून? घरात गार वारा असताना उन्हात कोण जाऊन बसतंय? तिसऱ्या वर्षी विचारलं, तेच उत्तर. चौथ्या वर्षीही विचारलं.

त्यात धाकटा भाऊ एफ्राईन सात वर्षांचा झाला. त्यानंही जाळीला नाक लावलं. घराला एकाची फी झेपत होती, दोघांची नाही. हिची लागत नाही म्हटल्यावर हिशेब सरळच होता, आणि एफ्राईन पुढे खेळायला लागला. सगळ्यात पुढे. बरं, पोरगा इतका गोड स्वभावाचा की त्याच्यावर धड रागावताही येईना. गोल केला की तो रिंकभर हात पसरून फिरायचा आणि शेवटी तिच्यासमोर येऊन मान लववायचा. ती रिंकच्या जाळीबाहेरून टाळ्या वाजवायची. आपण गोल सोडला तर याचे स्केट्स सुटणार, हे तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची गरजही नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दर शनिवारी.

ती बारा वर्षांची असताना पलीकडच्या संघातल्या एका गोलकीपर पोरावर एका सामन्यात नऊ गोल झाले आणि पुढच्या आठवड्यात त्याला गोलातून काढून मागच्या फळीत पळायला लावलं. ग्रिसेल्डानं हे पाहिलं आणि तिचं डोकं चालू लागलं. वाईट खेळलं की सुटका. साधी गोष्ट होती, चार वर्षांत सुचली कशी नाही याचंच तिला नवल वाटलं.

पण वाईट खेळणं सोपं नसतं. उघड सोडला तर लगेच कळणार. हात अर्धा श्वास उशिरा उचलायचा, गुडघे मिटताना बोटभर फट ठेवायची, डावीकडे जायचं ठरवून मग उजवीकडे बघायचं. चांगलं खेळायला लागतं त्याहून जास्त कसब तिनं त्यात ओतलं. पहिल्या सामन्यात पाच झाले. दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात आठ. प्रत्येक पक मागे जाळीत पडायचा ते अंगाला आवडत नव्हतं, अंग अडवायलाच धावायचं आणि त्याला मागे ओढावं लागायचं.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. तिला कुणी काढलं नाही. संघातली पोरं प्रत्येक गोलानंतर येऊन तिच्या पॅडवर स्टिक टेकवायची आणि चूक आमचीच म्हणायची. पोरांच्या आया तिला तिखटमीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी जास्तीच्या द्यायला लागल्या. वेंडेल दिवसभर उन्हात टपाल वाटून बुधवारी संध्याकाळी फक्त तिच्यासाठी रिंकवर यायला लागला. तुझा आत्मविश्वास गेलाय, तो आपण परत आणू, म्हणाला. आणि एफ्राईननं एका रात्री तिच्या कानात सांगितलं, "मी तुझ्यासाठी चर्चमधल्या माउलीपुढे मेणबत्ती लावली, ग्रिस. खाऊचे पैसे घातले. आता नाही होणार गोल." तिनं उशीत तोंड खुपसलं.

राहिला बाप. तो नेहमी गोलाच्या बरोबर मागे, कठड्यापलीकडे घडीची खुर्ची टाकून बसायचा, टोपी डोळ्यांवर ओढून. तिसरा सामना झाला तसा तो गाडी लावून तडक पडवीत गेला. तो सबंध आठवडा मशीन रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत चालू होतं. काय शिवताय विचारलं तर इमेल्डा गालातल्या गालात हसायची.

शनिवारी सकाळी त्यानं घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी अंगणात आणून ठेवलं. शेजारची चार माणसं जमली, मीही होतो. आत पायांचे पॅड होते. पांढऱ्या शुभ्र सीटच्या कापडाचे, आत फोमचे थर, कडेनं दुहेरी शिलाई. एवढं नेटकं काम मी दुकानातल्या पॅडांवर पाहिलेलं नाही. नडगीवर लाल दोऱ्यानं तिचं आडनाव. आन्सेल्मो तिच्यापुढे खाली बसला आणि एकेक पट्टा बांधत त्याच्या मानानं भाषणच म्हणावं एवढं बोलला.

"वाढत्या अंगाचे केलेत," तो म्हणाला. "ही आतली दुमड बघ. उसवली की चार बोटं मिळतात. गुडघ्याखाली अजून एक ठेवलीय. सतरा-अठरापर्यंत चिंता नाही."

ग्रिसेल्डा रडायला लागली. इमेल्डानं तिला जवळ घेतलं आणि आम्हा सगळ्यांना म्हणाली, बघा, किती खूश झालीय. आम्हीही मान डोलावली. आम्ही सगळे आंधळे होतो, हे आता कळून काय उपयोग.

त्या दुपारी तिच्यावर एकच गोल झाला. पुढच्या आठवड्यात एकही नाही. बुधवारची शिकवणी थांबली, वेंडेलनं श्रेय स्वतःकडे घेतलं आणि एफ्राईननं माउलीकडे दिलं.

त्यानंतर तिनं कधी काही मागितलं नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला जाणंही सोडलं. जे शनिवारी मिळायचं नाही त्याची रविवारी चटक कशाला लावून घ्यायची, असं तिनं मनाशी ठरवलं असावं. चौदाव्या वर्षी पहिली दुमड उसवली. आन्सेल्मोनं तोंडात उसवायचं पातं धरून तासाभरात पॅड नवे केले. सोळाव्या वर्षी दुसरी. तिच्या मैत्रिणी शनिवारी दुपारी समुद्रावर जायच्या, हिच्या अंगावर घामाचे पट्टे. तिला पदकं मिळाली, ती दिवाणखान्यात माउलीच्या तसबिरीशेजारी टांगली. नव्या गोलकीपर पोरांना वेंडेल तिच्याकडे पाठवायचा. ती त्यांना गुडघे कसे मिटायचे ते शिकवायची आणि तुला हे आवडतं का, असं मात्र चुकूनही विचारायची नाही.

सतरा पूर्ण झाली की लीग संपते. शेवटच्या सामन्याआधी अशा मुलांना आईबापांसह रिंकच्या मधोमध उभं करतात, आईला फूल देतात आणि कोच दोन शब्द बोलतो. त्या दिवशी गर्दी चांगली होती. इमेल्डा आधीपासूनच रडत होती. वेंडेलनं माइक घेतला. केस पांढरे झाले होते, लाली तेवढीच. तो म्हणाला की आठ वर्षांत ही पोरगी एकदाही गैरहजर राहिली नाही, आणि आठ वर्षांत हिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

ग्रिसेल्डानं त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. तिनं तीनदा विचारलेलं त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं, आणि आता साडेतीनशे माणसं तिच्या न मागण्याला टाळ्या वाजवत होती. तिला मास्क घालायची घाई झाली.

सामना त्यांनी जिंकला. एफ्राईन आणि इमेल्डा संघाबरोबर पिझ्झा खायला गेले. ग्रिसेल्डानं डोकं दुखतंय सांगितलं आणि बापाच्या गाडीत बसली. मागे पॅड हिंदकळत होते. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. मग ती समोर बघतच म्हणाली,

"अपा, मी बारा वर्षांची असताना तीन मॅचमध्ये एकोणीस गोल झाले होते. ते मी मुद्दाम होऊ दिले."

हिरवा लागला. आन्सेल्मोनं गाडी पुढे घेतली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे तुम्हाला?"

"मी मागेच बसायचो. पाचवा गोल झाला तेव्हाच कळलं. तुझा हात निघायचा आणि मध्येच थांबायचा. हात चुकतो तेव्हा असा थांबत नाही."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, नेहमीसारखा, पुढच्या ट्रकपासून अंतर राखून चालला होता.

"मग पॅड कशाला शिवलेत?"

"म्हणूनच शिवले."

 मग सीटचा भाव सांगावा तसं सांगत गेला, की तू सुटली असतीस तर एफ्राईनला सोडावं लागलं असतं. त्याला सोसलं नसतं. तो जाळीपाशी उभा राहून वाळला असता. तुला सोसत होतं, मी रोज बघत होतो. घरात ज्याला सोसतं त्याच्यावर भार जातो, पोरी, माझ्या घरीही असंच होतं, मीच होतो तो.

"आणि मी बोलले असते तर?" तिनं विचारलं. "तोंडानं सांगितलं असतं, की अपा, मला नाही उभं राहायचं, तर?"

 आमच्या गल्लीचं वळण आलं, त्यानं सिग्नल दिला, गाडी वळवली. खोटं बोलणं त्याला सोपं होतं, आणि त्या पोरीला त्या वेळी कदाचित हवंही होतं.

"तरी शिवले असते," तो म्हणाला.

ग्रिसेल्डाचा संताप संताप झाला. एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. आठ वर्षं तिला वाटत होतं की बापाला माहीत नाही, म्हणून तो निर्दोष आहे आणि म्हणून आपण गप्प राहायचं. त्या गप्प राहण्यावर तिनं सगळं पेललं होतं. ती गाडीतून उतरली, मागचं दार उघडलंसुद्धा नाही आणि घरात गेली. रात्री जेवली नाही.

रविवारी सगळे प्रार्थनेहून आले. आन्सेल्मो पायरीवर कॉफी घेऊन बसला होता. ग्रिसेल्डानं एफ्राईनची सरावाची जाळी ओढत आणली आणि गल्ली जिथे सपाट होते तिथे, महामार्गाच्या भिंतीला पाठ करून लावली. मग गाडीतून पॅड, मास्क, छातीचं कवच काढलं आणि बापासमोर आणून टाकलं.

"चला," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. कपातली कॉफी संपवली, कप पायरीवर ठेवला आणि उठला. इमेल्डा दारातून म्हणाली, अगं त्यांची कंबर. दोघांपैकी कुणी तिच्याकडे बघितलं नाही. त्याला पट्टे बांधता येत होते, आपणच शिवले होते, पण सुटलेल्या पोटामुळे वाकता येईना. ते ग्रिसेल्डानं बांधले, घट्ट. मास्कही तिनंच चढवला. रविवारच्या इस्त्रीच्या पँटीवर पॅड, पायात काळे बूट, असा आन्सेल्मो आर्रियागा जाळीपुढे जाऊन उभा राहिला.

ती वर गेली. थेट वरच्या टोकाला, जिथे पाच वर्षांत गेली नव्हती. शेजारीपाजारी बाहेर आले होते. एफ्राईन स्टिक घेऊन धावत आला आणि मीपण, म्हणाला. तिनं त्याला नुसता हात केला, बाजूला हो म्हणून, आणि तो मुकाट्यानं झाला.

मग ती सुटली. खरं सांगतो, मला वाटलं होतं ती विसरली असेल. काही विसरली नव्हती. चाकांचा तो आवाज गल्लीनं पुन्हा ऐकला, कुत्री उठून उभी राहिली आणि या वेळी मागे लागायच्या भानगडीत पडली नाहीत. ती वाकून, पक स्टिकला चिकटवून, सरळ बापावर चालून आली आणि शेवटच्या क्षणी वळून पक त्याच्या डावीकडून आत घातला. तो हललासुद्धा नव्हता. जाळीतून पक काढून ती पुन्हा वर गेली. दुसरा त्याच्या छातीवर बसला, तो एक पाऊल मागे गेला आणि पुन्हा जागेवर आला. तिसरा आत. चौथा आत. ती दरवेळी तेवढ्याच लांबून, तेवढ्याच जोरात येत होती. रडत होती का ते माहीत नाही, वेग एवढा होता की कळायला मार्ग नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. लोक कंटाळून सावलीला गेले. विसाव्या-बाविसाव्या गोलानंतर कधीतरी ती जाळीतून पक काढायला वाकली असताना मास्कच्या आतून त्याचा आवाज आला.

"पोरी, फार गरम होतं गं यात."

"हो," ग्रिसेल्डा म्हणाली, आणि पक घेऊन परत वर निघाली.